वेबसाइटची हजेरी

दहावीच्या निकालाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ आहे. घरात एकच मोबाइल आहे आणि त्याच्याभोवती अम्मी, अब्बा, खाला आणि शेजारची दोन मुले जमली आहेत. बैठक क्रमांक टाकला, आईचे नाव टाकले, बटण दाबले. पण पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे. कोणीतरी म्हणते, "पुन्हा दाब!" पुन्हा दाबले जाते. असे सात-आठ वेळा झाल्यावर निकाल दिसतो आणि मग पेढे आणण्याची घाई सुरू होते.

आता मला सांगा, त्या दहा मिनिटांत तुमच्या घरातून त्या वेबसाइटवर किती जण गेले? मोबाइल एक होता. पाहणारे सहा होते. बटण आठ वेळा दाबले गेले. निकाल मात्र एकाच मुलाचा होता. मग उत्तर एक, सहा की आठ? प्रश्न सोपा वाटतो, पण आपण नेमके काय मोजतो आहोत हे ठरवल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

शाळेत रोज हजेरी होते. हजेरी म्हणजे तुमची हाज़िरीच. शिक्षक नाव पुकारतात, मूल 'हजर' म्हणते आणि पटावर खूण होते. वेबसाइटचीही अशी हजेरी असते. फरक एवढाच, की तेथे नावे पुकारणारे कोणी नसते. पाहुणा येतो, वस्तू मागतो आणि निघून जातो. कोण आले होते, हे मागे राहिलेल्या नोंदींवरून ताडावे लागते.

या नोंदी कोठे होतात ते आधी पाहू. वेबसाइट म्हणजे हवेत तरंगणारी गोष्ट नव्हे. ती कोठल्या तरी संगणकात साठवलेली असते. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली वेब संस्थेबाहेरच्या लोकांना खुले झाले. तेव्हापासून काम एकाच रीतीने चालते. तुमचा मोबाइल सर्व्हरकडे एखादी फाइल मागतो आणि सर्व्हर ती पाठवतो. अशी मागणी आली की सर्व्हर आपल्या दफ्तरात एक ओळ लिहून ठेवतो. (मराठीत 'दफ्तर' म्हटले की तुम्हांला पाठीवरची पिशवी आठवेल. येथे अर्थ कागदपत्रांच्या नोंदीचा आहे, म्हणजे उर्दूच्या जवळचा.) या दफ्तराला 'लॉग' असे नाव आहे.

लॉगच्या एका ओळीत काय असते? मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, कोणत्या तारखेला व कोणत्या क्षणी आली, कोणती फाइल मागितली, उत्तर काय दिले आणि किती मजकूर पाठवला. उत्तराचे आकडे ठरलेले आहेत. फाइल दिली तर २००. मागितलेली फाइल सापडली नाही तर ४०४. हा आकडा तुम्ही पडद्यावर कधी ना कधी पाहिला असेलच. बहुतेक सर्व्हर आणखी एक गोष्ट लिहितात, ती म्हणजे पाहुणा कोणत्या पानावरून इकडे आला. तिच्याकडे आपण नंतर वळू.

लॉगमधल्या अशा प्रत्येक ओळीला 'हिट' म्हणतात. येथेच मोठा घोटाळा होतो. हिट म्हणजे माणूस नव्हे, हिट म्हणजे एका फाइलची मागणी.

एक कल्पना करा. शाळेच्या फाटकावर एक चौकीदार बसला आहे. त्याला सांगितले आहे, की फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू लिहून ठेव. एक मूल आले. चौकीदाराने लिहिले : मूल १, पिशवी १, डबा १, पाण्याची बाटली १, छत्री १. झाल्या पाच नोंदी. संध्याकाळी वहीत अडीच हजार नोंदी दिसल्या आणि कोणी पत्रक काढले, "आमच्या शाळेत रोज अडीच हजारांची उपस्थिती!" तर पालक फसतील की नाही? आणि गंमत अशी, की वहीत एकही नोंद खोटी नाही.

वेबचे पानही असेच सामान घेऊन येते. समजा, तुमच्या शाळेच्या वेबसाइटचे पहिले पान आहे. त्यात मजकुराची एक फाइल, रंग आणि अक्षरे ठरवणारी एक फाइल आणि १४ चित्रे आहेत. पान एकदा उघडले की १६ फाइली मागितल्या जातात, म्हणजे १६ हिट पडतात. पान मात्र एकच पाहिले गेले. या एकदा पाहण्याला 'पेजव्ह्यू' म्हणतात.

आता एक मुलगी हे पहिले पान उघडते : १६ हिट. मग ती वेळापत्रकाचे पान उघडते. त्यातली चित्रे पहिल्याच पानावरची आहेत आणि तिच्या मोबाइलने ती जपून ठेवली आहेत. म्हणून फक्त मजकुराची फाइल मागवली जाते : १ हिट. नंतर ती स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांचे पान उघडते. त्यात मजकुराची एक फाइल आणि ४० नवी छायाचित्रे आहेत : ४१ हिट. बेरीज करा. ५८ हिट झाले, ३ पेजव्ह्यू झाले आणि मुलगी एकच. रात्री तीच मुलगी पुन्हा पहिले पान उघडते आणि चित्रे जपलेली असल्यामुळे आणखी १ हिट पडतो. दिवसाअखेर ५९ हिट, ४ पेजव्ह्यू, २ भेटी आणि १ व्यक्ती. चारही आकडे खरे आहेत. ज्याला फुशारकी मारायची आहे तो ५९ सांगेल.

येथे 'भेट' हा शब्द आला. पाहुणा आला, तीन-चार पाने पाहिली आणि गेला, ही एक भेट. पण तो गेला हे कसे कळणार? तो सर्व्हरला सलाम करून जात नाही. म्हणून एक नियम सर्वत्र रूढ झाला : ३० मिनिटे काहीच मागणी आली नाही तर भेट संपली असे समजायचे. पान उघडे ठेवून तुम्ही नमाजला किंवा जेवायला गेलात आणि चाळीस मिनिटांनी परत येऊन पुढचे पान उघडले, तर तुमच्या दोन भेटी धरल्या जातील. नियम काटेकोर नाही, पण काम चालवतो.

हिटची गोष्ट नुसती पोरखेळाची नाही. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेचे पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले. त्यातून सोजर्नर नावाची छोटी गाडी बाहेर आली आणि मंगळाची छायाचित्रे पृथ्वीवर येऊ लागली. नासाने ती वेबवर ठेवली. ८ जुलै १९९७ या एका दिवसात त्या वेबसाइटांवर सुमारे ४ कोटी ७० लाख हिट पडले. त्या काळच्या मानाने ही संख्या थक्क करणारी होती. पण आता तुम्ही विचारू शकता : म्हणजे ४ कोटी ७० लाख माणसांनी मंगळ पाहिला का? नाही. पाने छायाचित्रांनी भरलेली होती, आणि प्रत्येक छायाचित्राचा हिट वेगळा. माणसे त्याहून पुष्कळ कमी असणार.

मग हिटचा आकडा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी तोच महत्त्वाचा. हमालाला किती गिऱ्हाइके आली याच्याशी कर्तव्य नसते, किती पोती उचलायची याच्याशी असते. नासाने मंगळाच्या पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवल्या आणि ओझे वाटून घेतले. आपल्या दहावीचा निकालही याच कारणाने एकाऐवजी अनेक वेबसाइटांवर दाखवतात. हिशेब करून पाहा. १५ लाख मुलांनी प्रत्येकी पाच वेळा बटण दाबले तर ७५ लाख मागण्या होतात. निकालाच्या पानावर वीस चित्रे टाकली तर? दर वेळी २१ फाइली. मागण्या पंधरा कोटींच्या पुढे जातील! म्हणून गर्दीच्या दिवशी पान साधे ठेवणे हेच शहाणपण. "पुन्हा दाब, पुन्हा दाब" म्हणणारेही या गर्दीत भरच घालत असतात, हे घरच्यांना जरूर सांगा.

आता माणसे मोजण्याचा प्रयत्न करू. लॉगमध्ये पत्ता असतो, मग वेगवेगळे पत्ते मोजले की झाले, असे तुम्ही म्हणाल. तसे होत नाही. शाळेच्या संगणक कक्षात ३० संगणक असले आणि ते एकाच जोडणीने इंटरनेटवर जात असले, तर बाहेरच्या सर्व्हरला त्या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. तीस मुले एक होतात. उलट मोबाइलचा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे एकच माणूस तीन-चार जणांसारखा दिसू शकतो.

यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी एक युक्ती काढली. तिचे नाव कुकी. नाव बिस्किटाचे असले तरी ती आहे एक चिठ्ठी. पहिल्या भेटीत सर्व्हर तुमच्या ब्राउझरजवळ एक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी देतो. पुढच्या भेटीत ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि सर्व्हर ओळखतो, की हा कालचाच पाहुणा. दवाखान्यात केसपेपर घेऊन जातात, तसेच हे. परंतु चिठ्ठी माणसाजवळ नसते, यंत्राजवळ असते. अम्मी, अब्बा आणि दोन मुले मिळून एकच मोबाइल वापरत असतील तर ती चौघे मिळून एक पाहुणा. आणि ज्याच्याजवळ मोबाइलही आहे व संगणकही, तो एकटा दोन पाहुणे! शिवाय कुकी पुसून टाकली की जुना पाहुणा पुन्हा नवा होतो. या मोजणीला 'युनिक व्हिजिटर' म्हणतात, पण तो शब्द प्रामाणिक नाही असे माझे मत आहे. मराठी आणि उर्दू विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया ही संस्था 'युनिक डिव्हाइस' म्हणजे 'वेगवेगळी यंत्रे' असे लिहिते. मला ते अधिक खरे वाटते.

आणखी एक अडचण आहे. पाहुण्यांमध्ये सगळेच आदमज़ाद नसतात. गूगलसारख्या शोधयंत्रांचे प्रोग्राम रात्रंदिवस वेबसाइटांवर फिरून पाने वाचत असतात. त्यांना 'बॉट' म्हणतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्यासाठी मजकूर गोळा करणारे बॉटही त्यांत आले आहेत. लॉगमध्ये त्यांचे हिट तुमच्या-माझ्या हिटांच्या शेजारीच बसतात. छोट्या वेबसाइटच्या हिटांत यांचा वाटा बराच मोठा असू शकतो. ते वजा केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. 'वजाबाकी' हा शब्दच पाहा : वज़ा करा आणि काय बाक़ी राहते ते लिहा.

आता मागे राखून ठेवलेल्या गोष्टीकडे वळू : पाहुणा कोठून आला? तुम्ही एखाद्या पानावरील दुव्यावर बोट ठेवता आणि दुसऱ्या वेबसाइटवर पोहोचता. त्या वेळी तुमचा ब्राउझर नव्या सर्व्हरला सांगतो, "मी अमुक ठिकाणाहून आलो." या निरोपाला 'रेफरर' म्हणतात आणि अशा येण्याला 'रेफरल क्लिक'. या शब्दाची एक मजा आहे. इंग्रजीत त्याच्या मध्यभागी दोन 'आर' हवेत. पण नियम लिहिताना एक 'आर' गळाला, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत ती चूक तशीच राहिली. तोवर जगभरचे प्रोग्राम चुकीच्या स्पेलिंगने लिहिले गेले होते, त्यामुळे आजही संगणक एकमेकांशी तेच चुकीचे स्पेलिंग बोलतात. एका नुक्त्याने 'दुआ'चा 'दग़ा' होतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. येथे सुदैवाने दगा झाला नाही.

रेफररवरून किती पाहुणे शोधयंत्रातून आले, किती एखाद्या वर्तमानपत्राच्या दुव्यावरून आले, हे कळते. जे निरोप न देता येतात त्यांना 'थेट आलेले' म्हणून धरतात. पण थेट या शब्दावर जाऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा उघडला तर पुष्कळदा रेफरर मिळतच नाही आणि तोही पाहुणा थेट खात्यात पडतो. म्हणून काही लोक दुव्यालाच शेपूट लावतात. तुमच्याकडे आलेल्या एखाद्या जाहिरातीच्या दुव्यात प्रश्नचिन्ह असेल तर त्याच्या पुढची अक्षरे पाहा. तेथे बहुधा यू, टी, एम ही इंग्रजी अक्षरे सापडतील. ती अर्चिन नावाच्या कंपनीची आठवण आहे. गूगलने २००५ साली ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी आपली मोजणीची सेवा सुरू केली. दुव्याचे हे शेपूट कान धरून सांगते, की हा पाहुणा कोणत्या जाहिरातीतून आला.

हे सारे का शिकायचे? एक प्रसंग कल्पून सांगतो. समजा, मालेगावात तुमच्या मामूंचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे आणि दुकानाची एक छोटी वेबसाइटही आहे. एक गृहस्थ दुकानात येतात आणि म्हणतात, "आमच्या वेबसाइटला महिन्याला एक लाख हिट पडतात. महिनाभर जाहिरात लावा, फक्त १,५०० रुपये." मामू खूश होतात. जाहिरात म्हणजे ज़ाहिर करणे. एक लाख लोकांसमोर दुकान ज़ाहिर होणार आणि तेही इतक्या स्वस्तात!

"मामू, पैसे देण्याआधी जरा थांबता का?" तुम्ही म्हणता. "त्यांच्या एका पानात किती फाइली आहेत ते विचारू या."

"अरे बेटा, त्याने काय होणार?"

"साधारण पंचवीस असतील तर एक लाख हिट म्हणजे चारच हजार पेजव्ह्यू. त्यांतले हजार बॉटचे धरले तर उरले तीन हजार. एक माणूस एका भेटीत तीन पाने पाहत असेल तर भेटी झाल्या एक हजार. महिन्यात तो दोनदा येत असेल तर माणसे पाचशे. आणि त्या पाचशेंपैकी आपल्या गावचे किती? पुण्याचा माणूस वही घ्यायला येथे येणार आहे का?"

मामू गप्प होतात. तुम्ही पुढे सांगता, "तीन हजार वेळा जाहिरात दिसली आणि दोनशेंत एकाने तिच्यावर बोट ठेवले, तर पंधरा क्लिक. दीड हजार रुपयांना पंधरा क्लिक, म्हणजे एक क्लिक शंभर रुपयांना पडला. त्यातून एका तरी गिऱ्हाइकाने खरेदी केली पाहिजे ना?"

यातले पंचवीस, हजार, तीन, दोन, दोनशे हे आकडे आपण धरलेले आहेत. खरे आकडे वेगळे असतील, कदाचित चांगलेही असतील. पण ते विचारण्याचा हक्क मामूंना आहे. गृहस्थांनी ते दाखवले तर ठीक. टाळाटाळ केली तर मामूंनी पैसे गल्ल्यातच ठेवावेत. आणि जाहिरात दिलीच, तर दुव्याला शेपूट लावून द्यावी, म्हणजे महिनाअखेर आपल्याच दफ्तरात पाहता येईल, की त्या वाटेने किती पाहुणे आले.

मोजणीची दुसरी बाजूही तुम्हांला माहीत असावी. मोजणे म्हणजे थोडेफार पाहत राहणे. कोणता पाहुणा कोठून आला, काय वाचले, कधी परतला, हे सारे कोणाच्या तरी दफ्तरात जाते. पूर्वी रेफररमधून मागच्या पानाचा पूर्ण पत्ता जात असे, आणि त्या पत्त्यात कधीकधी तुम्ही काय शोधत होता तेही असे. २०२० साली गूगलच्या क्रोम ब्राउझरने यात बदल केला. आता दुसऱ्या वेबसाइटला सहसा फक्त मागच्या वेबसाइटचे नाव कळते, आतल्या पानाचे नाही. मोजणाऱ्यांना हे थोडे अडचणीचे झाले. वाचणाऱ्यांना बरे झाले.

तुम्हांला स्वतः हे आकडे पाहायचे असतील तर विकिपीडिया सर्वांत सोयीचा आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली आणि उर्दू विकिपीडिया २००४ साली सुरू झाला. त्यांतील कोणताही लेख उघडा. साधनांच्या यादीत त्या पानाची माहिती देणारा दुवा असतो. तेथे मागील ३० दिवसांत तो लेख किती वेळा पाहिला गेला हा आकडा फुकट वाचायला मिळतो. एकच विषय दोन्ही भाषांत उघडून आकडे वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सर्वांनी मिळून तो लेख पाहा आणि काही दिवसांनी आकडा किती हलला ते तपासा.

स्वाध्याय

१. चौकीदाराच्या वहीतील एकही नोंद खोटी नव्हती, तरी पत्रक फसवे का ठरते?

२. एका पानात मजकुराची १ फाइल व ९ चित्रे आहेत. चित्रे जपून ठेवलेली नाहीत असे धरून, ते पान ५० जणांनी प्रत्येकी दोनदा उघडल्यास किती हिट व किती पेजव्ह्यू होतील?

३. 'हजेरी', 'दफ्तर', 'जाहिरात', 'वजाबाकी' या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ शेजारी शेजारी लिहा. कोठे फरक पडला आहे?

४. मामूंनी त्या गृहस्थांना विचारावेत असे तीन प्रश्न तुमच्या शब्दांत, आदराने बोलण्याच्या पद्धतीने लिहा.